फळ्यांवरची शर्यत

मिल्वॉकी, रात्री उशिरा

ती. आप्पांस,

जेवून लगेच लिहायला बसले. जेवण म्हणजे पाणीदार सूप आणि ब्रेडमध्ये थंडगार चीज, त्याचे चौदा डॉलर! बाहेर नदी गोठली आहे. अंगावर दोन स्वेटर, वर आईची शाल, तरी बोटं वळत नाहीत. विमानतळावरच्या तपासनिसाने मेतकुटाचा डबा उघडून वास घेतला आणि एक शब्द न विचारता फेकून दिला. माझा राग अजून गेलेला नाही. आईला सांगू नका.

हार्ले-डेव्हिडसनचं म्युझियम पाहिलं. तुम्ही म्हणत होतात ती सर्वांत जुनी गाडी काचेत आहे. मी रेंगाळले दुसरीकडेच. तिथे लाकडी ट्रॅकचा एक तिरपा तुकडा उभारलाय आणि त्यावर शंभर वर्षांपूर्वीच्या शर्यतीच्या गाड्या चढवल्यात. आप्पा, त्यांना ब्रेकच नाही! क्लच नाही, गिअर नाही. व्ही आकाराचं, हजार सीसीचं इंजिन. गाडी सुरू करायची दुसऱ्या गाडीने ओढून, आणि वेग कमी करायचा तर बटण दाबून ठिणगी तोडायची. स्वारानेच हातपंपाने इंजिनात तेल सोडायचं. ते फिरून टाकीत येत नाही. जळतं, गळतं आणि फळ्यांवर सांडतं. त्याच निसरड्या फळ्यांवरून मागचा गडी येणार. वर्कशॉपात जमिनीवर थेंब दिसला तरी तुम्ही पोरांना फडकं घेऊन पळवायचात, ते आठवलं.

ट्रॅकला दोन बाय चार इंचांच्या पट्ट्या कडेवर उभ्या ठेवून, एकीला एक लावून ठोकायचे. जॅक प्रिन्स हा जुना इंग्रज सायकलपटू. सायकलींचे लाकडी ट्रॅक बांधण्यात त्याचा हात बसलेला. त्यानेच १९१० साली लॉस एंजेलिसजवळ प्लाया डेल रेला मैलभराचा गोल ट्रॅक बांधला. १९१२ च्या डिसेंबरात तिथे ली ह्युमिस्टनने एक्सेलसियर गाडीवर ताशी १०० मैलांचा वेग गाठला, म्हणजे १६० किलोमीटर. डोक्याला नुसती कातडी टोपी. उन्हापावसाने लाकूड कुजायचं, ढलप्या उडून स्वारांच्या अंगात घुसायच्या. पुढे पुढे तर वर शर्यत चालू असताना सुतार खालून फळ्या बदलत असत.

जत्रेत तुम्ही मला मौत का कुआँ दाखवलात, त्याचं मूळ या ट्रॅकमध्येच आहे. गोल लहान होत गेला, भिंत उभी होत गेली.

डोळे मिटताहेत. बाळूच्या ॲडमिशनचं काय झालं, कळवा.

एडिसन, न्यू जर्सी

ती. आप्पांस,

मावशीने गरम वरणभात, तूप आणि लिंबाच्या लोणच्याची फोड वाढली. मी तीनदा भात घेतला. लिबर्टीचा पुतळा होडीतून पाहिला, वारा फार होता.

मावशीच्या जावयाने न्यूअर्कच्या वेल्सबर्ग भागातून गाडी नेली. १९१२ च्या ८ सप्टेंबरला तिथल्या लाकडी ट्रॅकवर एडी हॅशा या स्वाराची इंडियन कंपनीची गाडी वरच्या कठड्यावर चढली, कठड्यावर वाकून पाहणाऱ्या मुलांना चिरडत खांबावर आदळली. हॅशा गेला, मागून येणारा जॉनी ऑलब्राइट गेला आणि सहा प्रेक्षक गेले. तो ट्रॅक पुन्हा उघडला नाही. पण पुढच्याच वर्षी केंटकीत लडलोला एक गाडी दिव्याच्या खांबावर आपटली, पेट्रोल भडकलं आणि माणसं होरपळली.

याला मी नशीब म्हणणार नाही. वेगातली गाडी बाहेरच्या कडेला फेकली जाणार, हे बांधणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तिकिटं विकून माणसं उभी केली ती नेमक्या त्याच कडेवर. स्वारांना निदान आपण काय करतोय ते कळत होतं. कठड्यावरच्या मुलांना कोणी सांगितलं होतं? म्युझियममध्ये गाड्या इतक्या लखलखीत घासून ठेवल्यात, माझा जीव मात्र त्या मुलांत अडकून राहिला.

विमान मुंबईला मध्यरात्री पोचतं, तिथून मी ट्रेन पकडेन. तुम्ही दुखरा गुडघा घेऊन स्टेशनवर येऊ नका, मी रिक्षाने येईन. इंजिनांचे जवळून फोटो काढलेत. काहींना एका सिलिंडरला चार-चार व्हॉल्व्ह आहेत, १९११ सालापासून! त्यांचे रॉड कसे बसवलेत ते मला नीट उलगडलं नाही, आल्यावर समजावून सांगा.

तुमची,
नंदा