लोटें येथील एक जुनी मोटार

मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग खेडजवळ जगबुडी नदी ओलांडतो, भोस्त्याचा घाट चढतो आणि लवेलच्या पुढें कांहीं मैल सपाटीवरून चालतो. ही सपाटी म्हणजे जांभ्या दगडाचा सडा. पावसाळ्याचे चार महिने हिरवागार, उरलेले आठ महिने तांबडा व उघडा. याच सड्यावर लोटें गांव आहे. पुढें रस्ता परशुरामाच्या देवळावरून घाटानें खालीं उतरतो व वाशिष्ठी ओलांडून बहादूरशेख नाक्याशीं चिपळूण गांठतो. आमच्या लहानपणीं लोटें म्हणजे देवास जातांना वाटेंत लागणारें एक खेडें, एवढीच त्याची ओळख होती. आज तें नांव निघालें कीं लोकांस रसायनांचे कारखाने आठवतात. औद्योगिक विकास महामंडळाची लोटे-परशुराम वसाहत येथें वसली; तिनें तालुक्यांतील तरुणांस घराजवळ नोकऱ्या दिल्या, आणि दाभोळच्या खाडींतील मच्छिमारांस सांडपाण्याची कायमची तक्रार दिली. वारा फिरला म्हणजे जो उग्र वास येतो, त्यास तेथील माणूस नाक मुरडीत नाहीं. नवखा तेवढा ओळखूं येतो.

या वसाहतीमुळें रस्त्याच्या दोन्ही अंगांस गॅरेजें, टायरवाले, वेल्डिंगवाले यांची दुकानें झालीं, आणि त्यांच्याच आश्रयानें जुन्या मोटारींचा एक लहानसा बाजारहि उभा राहिला. कारखान्यांतील अधिकाऱ्याची बदली होते, कोणी नवी गाडी घेतो, कोणी निवृत्त होऊन देशावर जातो. त्यांच्या गाड्या पुढच्या कांचेवर किंमतीचा कागद लावून झाडाखालीं उभ्या राहतात.

माझा भाचा तेथील एका कारखान्यांत पाळीवर काम करतो. त्याची आई, म्हणजे माझी वडील बहीण, हिला आठवड्यांतून दोन वेळां मूत्रपिंडाच्या उपचारासाठीं चिपळुणास न्यावें लागतें. उपचार आटोपल्यावर आक्कास उभें राहण्याचें त्राण नसतें, एस्. टी. च्या थांब्यावर तिला बसवून ठेवणें अशक्य, आणि भाड्याच्या गाडीचा खर्च वर्षभर सोसणें त्याहून अशक्य. भाच्याजवळ सर्व मिळून दोन लक्ष दहा हजार रुपये होते. त्यांत मोटार, तिची दुरुस्ती, कागदपत्रें व विमा इतकें सारें बसवावयाचें होतें. गाडी घाटांत बंद पडली तर आंत आजारी माणूस असणार, हें ध्यानांत ठेवून निवड करावयाची होती. "मामा, तुम्हीं बरोबर असलांत म्हणजे मला कोणी सहज फसवणार नाहीं," असें तो म्हणाला. मोटारींतलें मला काय कळणार? परंतु माणूस बोलतांना कोठें अडखळतो, हें चौतीस वर्षें वर्गावर काढल्यावर कळूं लागतें.

प्रथम दाखविलेली गाडी रुपेरी रंगाची, चकचकीत, आणि मीटरवर अवघे बासष्ट हजार किलोमीटर. किंमतहि बेताची. माझा भाचा तर तेथेंच भुलला. आम्हीं ओळखीचा एक मिस्त्री बरोबर घेतला होता. त्यानें इंजिनाकडे पाहिलेंहि नाहीं. पुढच्या आसनाचा पट्टा त्यानें हातानें ओढीत ओढीत पार शेवटापर्यंत बाहेर काढला. जो भाग एरव्हीं गुंडाळलेला राहतो त्यावर मातकट रंगाची एक रेघ होती. मग त्यानें आसनाखालचे बोल्ट पाहिले, ते गंजलेले. मागें जादा चाकाचा खळगा उघडला. कोपऱ्यांत बारीक गाळ वाळून बसलेला. "मास्तर, बावीस जुलैला ही कुठं होती तें विचारा," तो म्हणाला. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीच्या पुरानें चिपळूण शहर बुडालें, तेव्हां रस्त्यांवर व इमारतींच्या तळाशीं उभ्या असलेल्या असंख्य गाड्या पाण्याखालीं गेल्या. त्यांतील कित्येक पुढें धुऊन पुसून रंगवून पुन्हां विक्रीस आल्या. अशा गाडीचें इंजिन एक वेळ दुरुस्त होतें. पण विजेच्या तारांच्या जोडांत शिरलेला ओलावा वर्षानुवर्षें आपलें काम करीत राहतो, आणि त्याच्या खर्चाचा अंदाज कोणासच देतां येत नाहीं. विकणाऱ्यानें माझ्या प्रश्नास "तेव्हां ती पुण्याला होती" असें उत्तर दिलें, आणि लगेच हवेविषयीं बोलूं लागला. आम्हीं नमस्कार करून निघालों.

दुसरी मोटार पांढरी वॅगन आर, पेट्रोलवर चालणारी, हातानें गिअर टाकावयाची, २०१२ सालीं नोंदलेली. मीटरवर एक लक्ष चौतीस हजार किलोमीटर. मागितलेली किंमत एक लक्ष नव्वद हजार. आंकडा ऐकून भाच्याचें तोंड उतरलें. माझें मात्र उलट झालें. न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं प्रमाणें सांगितलीं आहेत, आणि शब्द प्रमाण मानावयाचा तो आप्ताचा, म्हणजे यथार्थ बोलणाऱ्याचा. मोटारीचा मीटर हा केवळ शब्द आहे, आणि तो आप्त असेलच असें नाहीं. आंकडे मागें फिरविण्याची विद्या या देशांत चांगलीच फोफावली आहे. तेव्हां अनुमानाकडे वळावें. मालक चिपळुणास राहून लोट्याच्या कारखान्यांत जात असे. एका खेपेस बारा किलोमीटर धरले तर दिवसाचे चोवीस, तीनशें दिवसांचे सात हजार दोनशें, आणि तेरा वर्षांचे सुमारें चौऱ्याण्णव हजार. उरलेले चाळीस हजार मुंबईच्या व सासुरवाडीच्या फेऱ्यांचे. हिशेब जुळला. पायाखालच्या पेडलांचें रबर आणि गिअरच्या दांड्याची मूठ यांची झीज आंकड्यास शोभेल अशी होती. सर्व्हिसच्या पावत्यांतील आंकडे वर्षावर्षानें ओळीनें वाढत गेले होते.

परंतु याच हिशेबांतून दुसरेंहि अनुमान निघतें. सरळ सपाट रस्त्यावर एकाच गिअरमध्यें चाललेले लाख किलोमीटर इंजिनास फारसे जड नाहींत. या गाडीचे निम्म्याहून अधिक किलोमीटर परशुरामाच्या घाटाच्या वाटेचे होते, आणि घाट क्लच खातो, ब्रेक खातो, दुसऱ्या गिअरचे दांते खातो. म्हणून आम्हीं मालकास विनंति केली, गाडी सकाळीं थंड असतांनाच आम्हांस दाखवावी, आणि घाट उतरून चढून येऊं द्यावा. गरम करून ठेवलेल्या इंजिनाची खोड लपते. जो मालक यास नाहीं म्हणतो, त्याची गाडी पाहूंच नये.

सकाळीं सातास मिस्त्रीनें इंजिनाच्या टोपणावर हात ठेवला, थंडगार. तेल घालण्याचें झांकण काढून पाहिलें. आंतून पांढरट साय धरलेली नव्हती, म्हणजे तेलांत पाणी मिसळत नव्हतें. गाडी एका हाकेंत सुरू झाली. आम्हीं परशुरामाच्या देवळावरून खालीं निघालों. ब्रह्मेंद्रस्वामींच्या तपश्चर्येनें व खटपटीनें नांवारूपास आलेलें हें देवस्थान. कोकणस्थ माणूस येथून हात न जोडतां पुढें जात नाहीं, आणि त्या दिवशीं तर जोडण्यास सबळ कारण होतें. घाट आतां रुंदीकरणानें पुष्कळ सोपा झाला आहे. २०२२ च्या उन्हाळ्यांत त्याच कामासाठीं तो दररोज दुपारीं कांहीं तास बंद ठेवीत, तेव्हां हलक्या गाड्या आंबडस-चिरणीच्या आडवाटेनें लोट्यास येत.

उतारावर मिस्त्रीनें गाडी दुसऱ्या गिअरमध्यें ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला होता. नदीजवळच्या सपाटीवर येतांच त्यानें तो एकदम दाबला व मला मागें पाहण्यास सांगितलें. धुरावरून अग्नीचें अनुमान आम्हीं मुलांना जन्मभर शिकविलें. येथें धुराच्या रंगाचेंहि शास्त्र आहे. निळसर धूर आला तर इंजिन तेल जाळतें, आणि लांब उतारानंतरच तो आला तर व्हॉल्व्हच्या सीला गेल्या असें समजावें. काळा असेल तर पेट्रोल अधिक जातें. पांढरा धूर गाडी तापल्यावरहि टिकला तर पाणी जळतें, आणि तो खर्च मोठा. आमच्या मागें कांहींच दिसलें नाहीं. इंजिन निकोप होतें.

परततांना चढावर मात्र गाडी बोलली. तिसऱ्या गिअरमध्यें ॲक्सिलरेटर दाबला कीं इंजिनाचा आवाज वाढे, वेग वाढत नसे. आणि किंचित् जळका वास येई. क्लच घसरत होता. वर आल्यावर हातब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच सोडला; चांगला क्लच असता तर इंजिन तात्काळ बंद पडतें, हें घुटमळत राहिलें. खड्ड्यांवर पुढून खडखड येत होती. पुढचे दोन टायर आंतल्या कडेस अधिक झिजलेले होते. मागच्या चाकाच्या कमानीला गंज होता. खाऱ्या दमट हवेंत व पांच महिन्यांच्या चिखलांत त्यास कोण काय करणार!

मग चहाच्या दुकानांत बसून मीं वहींत यादी केली. क्लचचा संपूर्ण संच, मजुरीसह, साडेआठ हजार. पुढचे शॉक ॲब्सॉर्बर व खालचे बुश, नऊ हजार. दोन टायर, सात हजार. ब्रेकचें सामान, साडेतीन हजार. तेल, कूलंट, फिल्टर, पट्टे, पांच हजार. बॅटरी, चार हजार. एकूण सदतीस हजार. गंजाचे आठ-दहा हजार वेगळे, पण त्यास घाई नव्हती. मिस्त्रीची एक गोष्ट मला विशेष पटली: क्लचच्या सामानाला जितके पैसे, जवळजवळ तितकेच तो बदलण्यासाठीं गिअरबॉक्स उतरविण्याच्या मजुरीला लागतात. म्हणून गिअरबॉक्स एकदां खालीं आला कीं बेअरिंग व इंजिनाच्या मागची तेलाची सील त्याच वेळीं बदलावी. पुढें केवळ त्या एका सीलेसाठीं तीच मजुरी पुन्हां भरणें हा मूर्खपणा.

यादी मीं मालकापुढें ठेवली. गृहस्थ समंजस होते. क्लचची गोष्ट त्यांना ठाऊक होती, पण कोणी विचारली नव्हती. बासष्ट हजारांची ती रुपेरी गाडी दारीं असतांना यांची एक लक्ष चौतीस हजारांची कोण घेणार, असें त्यांनाच वाटत होतें. एक लक्ष छप्पन हजारांवर ठरलें. म्हणजे दुरुस्तीसह एक लक्ष त्र्याण्णव. कागदपत्रें, विमा व न दिसलेल्या दुखण्यांसाठीं सतरा हजार शिल्लक.

कागदांत हयगय केली नाहीं. नोंदणीपुस्तकावर बँकेचा बोजा होता. तो उतरविल्याचा दाखला, नमुना ३५, पाहिल्यावांचून पैसे दिले नाहींत. नमुने २९ व ३० वर सह्या झाल्या. विकणाऱ्यानें चौदा दिवसांत व घेणाऱ्यानें तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळविलें पाहिजे असा मोटार वाहन कायद्याचा नियम आहे; अनेक लोक तो वर्षभर लांबवितात, आणि मध्यें अपघात झाला म्हणजे दोघेहि कोर्टाची पायरी चढतात. पंधरा वर्षें भरल्यावर २०२७ सालीं फेरनोंदणी व हरित कर हे खर्च येणार, तेहि भाच्यास लिहून दिले.

गिअरबॉक्स उतरविल्यावर ती मागची सील खरोखरच गळतांना सांपडली. चारशें रुपये अधिक लागले. आणखी किरकोळ सामान धरून दुरुस्ती एकोणचाळीस हजारांवर गेली. आक्का आतां मागच्या आसनावर उशी घेऊन आडवी होऊन चिपळुणाहून येते. घाट चढतांना तिला झोंप लागते, असें भाचा सांगतो. चाकाच्या कमानीचा गंज मात्र तसाच आहे. दिवाळीनंतर तेवढा पत्रा कापून नवा बसवावयाचा असें ठरलें आहे.