बारा चोक अठ्ठेचाळीस

कंटेनरच्या साठवणीचे आराखडे करणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, असे मी सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे न्हावाशेव्याचा धक्का उभा राहतो. आमच्या आईची तर आजही समजूत आहे, की मी जहाजांवर माल चढवतो. इतके करून माझे सदरे एवढे स्वच्छ कसे राहतात, याचेच तिला नवल वाटते. चूक सर्वस्वी तिची नाही. १९५६ साली माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकवाल्याने ५८ पेट्या एका जहाजावर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला धाडल्या, आणि आमच्या धंद्याने उपमा तिथूनच उचलली.

आमची पेटी मात्र लोखंडाची नसते. एखादे सॉफ्टवेअर त्याच्या सगळ्या लवाजम्यासह एकत्र बांधले, की झाला कंटेनर. या यंत्रावर चालेना तर त्या यंत्रावर न्यावा, बिघडला तर फेकून नवा मांडावा. गोम एवढीच, की फेकलेल्या पेटीबरोबर तिच्यात लिहिलेलेही जाते. म्हणून जपायचे ते पेटीबाहेर, अनेक यंत्रांनी मिळून सांभाळलेल्या सामाईक कोठारात ठेवावे लागते. ते कोठार केवढे हवे, हा माझा विषय.

काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयासाठी मी असा आराखडा केला. रुग्णांच्या नोंदी, तपासण्यांचे अहवाल, क्ष-किरणांची चित्रे, असा ऐवज तीन वर्षांत १० टेराबाइट होईल असा अंदाज होता. व्यवस्थापकांना वाटले, बाराची जागा घेतली की झाले. मी मागितली ४८! लग्नघरी आचाऱ्याने चौपट तूप मागितल्यावर मुलीचा बाप जसा पाहतो, तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले.

हिशेब असा. कोठारासाठी 'सेफ' नावाची प्रणाली घ्यायची होती. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती तीन वेगळ्या यंत्रांवर ठेवायच्या, ही तिची रीत. म्हणजे दहाचे तीस झाले. कोठार शेकडा ८५ भरले की ती कुरकुरू लागते, ९५ ला लिहिणेच बंद करते. (आमची ही फराळाचा डबा काठोकाठ भरू देत नाही, त्यातलाच प्रकार.) आता चार यंत्रे घेतली आणि त्यांतले एक मेले, तर उरलेल्या तिघांनी ते तीस सामावून घ्यायला हवे, तेही ८५ च्या आत. म्हणून प्रत्येकी बारा. बारा चोक अठ्ठेचाळीस.

"पण प्रती तीन, तर यंत्रं चार कशाला?"

"एखादं बंद पडेल, त्या दिवसासाठी."

"बंद पडणारं यंत्र तुम्ही घेताच कशाला?"

यावर मला उत्तर सुचले नाही. चौथे यंत्र कापले गेले. प्रत्येक यंत्रातला वीजपुरवठ्याचा जोडभागही काटकसरीत गेला. आणि, लिहिताना लाज वाटते, त्या कापलेल्या आराखड्याखाली सही माझीच होती. काम हातचे जाईल ही भीती, दुसरे काही नाही.

धनत्रयोदशीच्या पहाटे एका यंत्राचा मदरबोर्ड गेला. काही अडले नाही. दोन प्रतींवर कारभार चालू राहिला. पण तिसरी प्रत करायला जागाच नव्हती, आणि नवा भाग सुट्ट्यांमुळे चार दिवसांनी येणार होता. मी फराळाला हात न लावता फोनकडे पाहत बसलो. नरकचतुर्दशीला अंगावर उटणे असतानाच तो वाजला. दुसऱ्या यंत्राचा वीजपुरवठ्याचा भाग जळाला होता.

उरलेल्या यंत्राजवळ सगळे अहवाल होते, पण ते देईना. तिघांपैकी दोघांचे एकमत असल्याखेरीज हलायचे नाही, असा त्याला नियम. नियम शहाणपणाचा आहे. एकट्याच्या वहीत लिहीत जावे आणि ती वहीच जळावी, त्यापेक्षा थांबलेले बरे. पण हे बाहेरच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याला कोणी सांगावे? त्याच्या बायकोच्या जुन्या तपासण्या डॉक्टरांना पाहायच्या होत्या. परिचारिका पाठकोऱ्या कागदांवर नोंदी करीत होत्या.

"साहेब, हरवलं का हो सगळं?" त्याने मला विचारले.

"नाही आजोबा, आहे. पण आत्ता मिळत नाही."

त्याने मान हलवली. त्याला पटले असेल असे मला वाटत नाही.

अखेर पहिल्या यंत्राचा वीजपुरवठ्याचा भाग काढून दुसऱ्यात बसवला. सहा तासांनी कोठार उघडले. गेले काहीच नव्हते.

चौथे यंत्र पुढच्याच महिन्यात आले, मागणी न करता. परवा रुग्णालयाचे नवे हिशेबनीस माझ्याशेजारी बसून पडदा न्याहाळत होते. "अहो, यात निम्म्याहून जास्त जागा मोकळी दिसतेय," ते म्हणाले. "आमच्या जुन्या हिशेबाच्या फायली टाकू या का तिथं?"

मी 'नाही' इतक्या मोठ्याने म्हणालो, की शेजारच्या खोलीतली परिचारिका दारात येऊन उभी राहिली.