तक्त्यातला वीस

माझी भाची नांदेडला जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याआधी ती दोन वर्षं लातूरला आमच्याकडे राहून नीटची तयारी करत होती. ‘लातूर पॅटर्न’चं नाव ऐकून मराठवाड्यातल्या गावागावांतून मुलं इथं येतात. त्यातल्या बहुतेकांना एमबीबीएसला प्रवेश मिळत नाही, हे मात्र कुणी क्लासच्या फलकावर लावत नाही. तिलाही मिळाला नाही. मग तिनं कुणाला न विचारता नर्सिंगचा फॉर्म भरला आणि घरात कुजबुज सुरू झाली.

बहिणीच्या सासरकडचे म्हणाले, “रात की ड्यूटी, गैर मर्दों को हात लगाना. कल को रिश्ता कौन देता?” मी त्यांना रुफैदा अल-अस्लमिया यांची गोष्ट सांगितली. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआज यांना पैगंबरांनी (स.) उपचारासाठी मस्जिदीतल्या रुफैदांच्या तंबूत ठेवलं होतं, असं सीरतच्या किताबांत आहे. सगळे गप्प बसले. पटलं म्हणून की आदबीनं, ते कळलं नाही. विषय संपवला तो अम्मीनं. ती म्हणाली, “अपन दवाखाने में गए तो लेडीज सिस्टर ढूँडते. वो सिस्टर बी किसकी तो बेटीच रहती ना?”

नांदेडला गेल्यावर पहिले सहा महिने तिचा रोज रात्री फोन यायचा. दहावीपर्यंतचं शिक्षण मराठीत, घरात दखनी आणि पुस्तकं इंग्रजीत. “मामू, टॅकिकार्डिया, टॅकिप्निया, ब्रॅडिकार्डिया, एप्निया, सगळं एकसारखंच वाटतंय. रट्टा मारूनसुद्धा राहत नाही.” मी शाळेत मराठी शिकवतो, वैद्यकातलं मला काही कळत नाही. पण तिनं यादी वाचून दाखवली तेव्हा हसू आलं. हे तर उपसर्ग आणि प्रत्यय! टॅकी म्हणजे जलद, ब्रॅडी म्हणजे मंद. कार्डिया हृदयाचं, प्निया श्वासाचं. हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी. शेवटी आयटिस आलं की दाह, एक्टॉमी आलं की कापून काढणं. मी म्हणालो, “बेटा, अतिवृष्टीतला ‘अति’ म्हणजे तुझा हायपर. आणि अवर्षणातला ‘अ’ तोच एप्नियातला ‘ए’. एकीकडं पाऊस नाही, दुसरीकडं श्वास नाही.” मराठवाड्यातल्या पोरीला अतिवृष्टी आणि अवर्षण वेगळं समजवावं लागत नाही. त्या दिवसापासून तिनं शब्द पाठ करणं सोडलं आणि फोड करायला लागली.

खरं तर आमच्या भागात वैद्यकाची भाषा एकदाच बदललेली नाही. १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तिथं १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं ते उर्दू माध्यमाचं, आणि पुढं वैद्यकीय शिक्षणही तिथं उर्दूतून दिलं जाई. अब्बा शेवटपर्यंत ‘नब्ज’ म्हणत. अम्मीला बारीक ताप आला की ती अजूनही ‘हरारत’ म्हणते. शेजारच्या काकू ‘अंगात कसकस आहे’ म्हणतात. भाचीच्या वहीत त्याचं पल्स आणि टेम्परेचर होतं. मनगट एकच, नावं तीन.

पण इंग्रजी शब्द आले म्हणजे काम झालं असं नाही, हे तिला वॉर्डात गेल्यावर समजलं. पेशंट पुस्तकातल्या भाषेत दुखत नाही. एक आजोबा म्हणाले, “मला दम लागतोय.” तिच्या मैत्रिणीनं दमा लिहिला. त्यांना दमा नव्हता. जिना चढताना धाप लागत होती आणि पायांवर सूज होती, म्हणजे हृदयाकडं बघायला हवं होतं. एक खाला सारखं म्हणत होत्या, “जी घबरारा.” त्याचा अर्थ भीती असू शकतो, मळमळ असू शकते, छातीत धडधड असू शकते. शुगरचा पेशंट असेल तर साखर उतरलेली असू शकते आणि नशीब वाईट असेल तर हार्ट अटॅकही. ‘चक्कर’ म्हणजे घर फिरतंय, की डोळ्यापुढं अंधारी येतेय? उत्तर बदललं की आजार बदलतो. तेव्हापासून तिच्या वहीत तीन रकाने आहेत: पेशंट काय म्हणाला, आपण उलट काय विचारायचं, आणि तिसऱ्यात इंग्रजी शब्द. पहिला रकाना कुठल्याच पुस्तकात मिळत नाही. तो मराठी, दखनी, लमाणी बोलणाऱ्या बायकांच्या खाटेशी बसूनच भरावा लागतो.

नर्सिंगच्या मुलींना सुरुवातीलाच चार गोष्टी शिकवतात: ताप, नाडी, श्वसन आणि रक्तदाब. आता ऑक्सिमीटरवरचा ऑक्सिजनही त्यात धरतात. ऐकायला सोपं आहे, करताना प्रत्येकात खोच आहे. नाडी अंगठ्यानं बघायची नाही, कारण अंगठ्यात आपलीच नाडी लागते. बीपी घेण्याआधी पेशंटला पाच मिनिटं शांत बसू द्यायचं, पाठीला आधार, हात हृदयाच्या उंचीवर, बोलणं बंद. आणि पट्टा उघड्या दंडावर बांधायचा. आपल्याकडं बायका बुरख्याच्या बाहीवरूनच हात पुढं करतात. बाही वर सरकवली तर ती दंडाला करकचून बसते, आणि दोन्हींत आकडा चुकतो. भाची पडदा ओढते आणि म्हणते, “खाला, मैंच हूँ, बाही निकालो.” तिला बाही काढून दंड दाखवणाऱ्या बायका पुरुष मदतनीसापुढं हात पुढं करणार नाहीत. अम्मीचं म्हणणं मला तेव्हा पुरतं कळलं.

यातला श्वास तेवढा पेशंटला न सांगता मोजायचा. सांगितलं की माणूस श्वासाकडं लक्ष देतो आणि तो बदलतो. म्हणून नाडी बघून झाल्यावरही मनगट धरून ठेवायचं, नजर छातीवर आणि घड्याळावर. पूर्ण एक मिनिट. मोठ्या माणसाचे बारा ते वीस श्वास ठीक.

गेल्या वर्षी बकरीदच्या आधी अम्मीला ताप आणि खोकला झाला. वय चौऱ्याहत्तर. लातूरच्या एका खाजगी दवाखान्यात ॲडमिट केलं. दुसऱ्या संध्याकाळी भाची नांदेडहून लोहा-अहमदपूरमार्गे येणाऱ्या एसटीनं आली ती पाठीवरची बॅग घेऊन थेट वॉर्डात. सलाम करून नानीच्या खाटेवर बसली आणि तिचं मनगट हातात घेतलं. अम्मीला वाटलं लाडानं धरलंय. ती दुसऱ्या हातानं नातीचं डोकं कुरवाळत राहिली. मला मात्र दिसलं, भाचीची नजर नानीच्या छातीवरच्या ओढणीवर होती. एक मिनिट झालं. तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग उठून खाटेच्या पायथ्याचा तक्ता काढला.

ताप ९९, नाडी ९८, बीपी १३०/८०. श्वसनाच्या रकान्यात वीस, वीस, वीस, वीस. दोन दिवसांत एकदाही अठरा नाही की बावीस नाही.

तिनं मला बाजूला घेतलं. “मामू, बत्तीस है. नानी बात करते-करते रुकरी क्या?” रुकत होती. सकाळपासून दोन शब्द बोलून थांबत होती. मला वाटलं, थकली असेल.

भाची सिस्टरकडं गेली. “सिस्टर, मी स्टुडंट आहे, माझं चुकलंही असेल, पण एकदा तुम्ही मोजता का?” सिस्टरच्या कपाळावर आठी पडली, पण त्या आल्या. घड्याळ लावून मोजलं. बत्तीसच. ऑक्सिमीटर बोटाला लावला, एकोणनव्वद. मग धावपळ झाली. डॉक्टर आले, ऑक्सिजन लागला, एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया दिसला, औषधं बदलली. चार दिवस आयसीयू. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियात ताप फार चढेलच असं नसतं, श्वास मात्र लवकर वाढतो, असं डॉक्टरांनी नंतर समजावलं. अकराव्या दिवशी अम्मी घरी आली. अल्हम्दुलिल्लाह.

या अकरा दिवसांत मी मनातल्या मनात तक्रारीचा अर्ज तयार केला होता. मराठीच्या मास्तरला शब्दांची काय कमी? एका रात्री आयसीयूबाहेरच्या बाकावर तो भाचीला ऐकवला. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मामू, मैं बी लिखी ना.”

पहिल्या पोस्टिंगला एका रात्री तिच्याकडं पंधरा पेशंट होते. नऊ जणांचे श्वास मोजले. सकाळचा राउंड जवळ आला तसं उरलेल्या सहा जणांपुढं वीस लिहून टाकलं. “सब लिखते. बीपी मशीन बताती, बुखार थर्मामीटर बताता, नाडी ऑक्सिमीटर बताता. सांस बताने वाली मशीन वॉर्ड में नै रहती. उसको एक मिनिट खड़ेच रहना पड़ता.”

त्या सहा जणांना काही झालं नाही. पण मला पहिल्यांदा वीस हा आकडा नीट दिसला. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ साली पेशंट बिघडतोय हे लवकर ओळखण्यासाठी गुणांची पद्धत काढली. तीत श्वास बारा ते वीस असेल तर शून्य गुण, म्हणजे काळजी नाही. पंचवीस किंवा जास्त असेल तर तीन गुण, एका खुणेला मिळू शकणारे सर्वांत जास्त. न मोजता लिहिलेला वीस म्हणजे नुसती रिकामी जागा भरणं नाही. पाहिलेलं नसताना ‘सगळं ठीक आहे’ म्हणून सही करणं आहे. आपल्याकडं खोट्या गवाहीला किती मोठा गुनाह मानलंय, ते तिला मी सांगायची गरज नव्हती. ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

मी अर्ज दिला, पण वेगळा. त्यात सिस्टरबद्दल काही नव्हतं. रात्री एका सिस्टरवर सव्वीस पेशंट होते, एवढंच लिहिलं. उत्तर आलेलं नाही. डिस्चार्जच्या दिवशी त्या सिस्टर भाचीला म्हणाल्या, “आम्हालाही पूर्ण मिनिट मोजायला शिकवलं होतं गं.”

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या दाईंना बाळांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. त्यांतल्या अनेकींना बाराच्या पुढं मोजता येत नव्हतं. म्हणून त्यांच्यासाठी एक साधं यंत्र केलं: एका मिनिटाची वाळूची घडी आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा जास्त, म्हणजे धोका. टॅकिप्निया हा शब्द त्या दाईंनी ऐकला नसेल, पण टॅकिप्निया त्यांनी पकडला. भाचीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मेरे कू शब्द आता था मामू, मिनिट नै था.”

आता ती वॉर्डात कमी पेशंटांचे श्वास मोजून होतात तेव्हा उरलेला रकाना रिकामा ठेवते. त्याबद्दल दोनदा बोलणी खाल्ली आहेत. रिकामा रकाना बघून कुणीतरी मोजेल तरी, असं ती म्हणते.

सुट्टीत लातूरला आली की नानीचं मनगट धरतेच. पण अम्मीला आता सगळं कळलंय. नातीनं हात धरला रे धरला की ती मुद्दाम लांब श्वास घेते आणि म्हणते, “गिन, गिन. आज कितने हुए?” मोजणी बिघडते. म्हणून भाची हल्ली नानी झोपल्यावर मोजते, दाराशी उभी राहून, पूर्ण एक मिनिट.