साखरेचे जाळे आणि डोळ्यावरची पट्टी

मांजरी बुद्रुक, पुणे

तीर्थस्वरूप मामांस,

एक डोळा आळशी असलेल्या साडेचार वर्षांच्या नातीच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी आत्ताच का लावायची, द्राक्षांची ऑक्टोबरची छाटणी उरकेपर्यंत का थांबायचे नाही, या मामांच्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यापेक्षा मेंदूत अधिक आहे. आणि मेंदूतही ते काही चेतापेशींभोवती बालपणात हळूहळू विणल्या जाणाऱ्या एका सूक्ष्म जाळ्यापाशी येऊन पोहोचते. या जाळ्याला शास्त्रात पेरिन्यूरोनल नेट, म्हणजे चेतापेशीभोवतीचे जाळे, असे नाव आहे.

हे जाळे साखरेच्या साखळ्यांचे असते. मांजरीत साखर म्हटली की वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि उसाने भरलेल्या गाड्या आठवतात, परंतु शरीर साखर केवळ जाळण्यासाठी वापरत नाही, तर तिच्या रेणूंच्या लांब साखळ्या गुंफून बांधकामही करते. चेतापेशीच्या पृष्ठभागावर हायलुरोनन नावाचा असा एक लांब धागा तयार होतो, त्याला अॅग्रिकनसारखी प्रथिने जोडली जातात, आणि त्या प्रथिनांवर कॉन्ड्रॉइटिन सल्फेट या दुसऱ्या शर्करासाखळ्या केसाळ ब्रशासारख्या उभ्या राहतात. गुडघ्यातल्या कूर्चेला दाब सोसण्याचे बळ देणारे अॅग्रिकनच येथे मेंदूत कामाला लागलेले दिसते. या विणीला जागोजागी भोके असतात आणि इतर चेतापेशींचे जोड, म्हणजे संदेश देण्याघेण्याच्या जागा, नेमक्या त्या भोकांत बसलेल्या असतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीच्या कामिलो गोल्जी यांनी हे आवरण वर्णिले, तर स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांना तो रंगवण्याच्या प्रक्रियेत गोठलेल्या द्रव्याचा भास वाटला. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले, मेंदू सुट्या पेशींचा बनलेला असतो या मोठ्या वादात काहालच बरोबर ठरले, परंतु जाळ्याच्या बाबतीत गोल्जी यांची नजर खरी होती.

हे जाळे सर्व पेशींना नसते. मेंदूच्या बाह्य थरात ते मुख्यतः अशा पेशींभोवती असते ज्या इतरांना आवर घालतात आणि त्यासाठी अतिशय वेगाने विद्युत्‌स्पंद सोडतात. पेशीच्या पातळ पटलावर विद्युत्‌भार साठत राहिला तर प्रत्येक स्पंदाला उशीर होतो. जाळे ही साठवणक्षमता कमी ठेवते, असे २०१८ मध्ये मेंदूच्या गाठींवरील संशोधनात दिसून आले. काही गाठी जी विकरे सोडतात त्यांनी जाळे विरघळते, आवर घालणाऱ्या पेशी मंदावतात आणि मग अपस्माराचे झटके येऊ लागतात.

आता नातीच्या डोळ्याकडे वळता येईल. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी मांजराच्या पिलांवर प्रयोग करून दाखवले, की लहानपणीच्या ठरावीक काळात एक डोळा झाकलेला राहिला तर त्याची मेंदूतील जागा दुसरा डोळा बळकावतो, आणि तो काळ सरल्यावर झाकलेला डोळा उघडूनही त्याला ती जागा सहजी परत मिळत नाही. ज्याला आळशी डोळा म्हणतात तो बहुधा डोळ्याचा आळस नसून मेंदूने त्या डोळ्याचे ऐकणे सोडल्याचा परिणाम असतो. हा काळ संपत येतो तेव्हाच दृष्टीच्या भागात जाळी पक्की होत जातात, आणि अंधारात वाढवलेल्या प्राण्यांत ती उशिरा पक्की होतात. २००२ मध्ये इटलीत तोम्मासो पित्झोरुसो आणि सहकाऱ्यांनी एका जिवाणूपासून मिळणाऱ्या विकराने प्रौढ उंदरांच्या मेंदूतील कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्या साखळ्या तोडल्या, तेव्हा मिटून गेलेली लवचिकता पुन्हा दिसू लागली. २००६ मध्ये त्यांनी लहानपणी बिघडलेली नजरही प्रौढ उंदरांत सुधारून दाखवली, पण त्यासाठी विकराच्या जोडीला चांगला डोळा बंद ठेवावाच लागला. म्हणजे जाळे सैल केले तरी पट्टीचे काम पट्टीनेच करायचे होते, ही गोष्ट मामांच्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे.

मग जाळे तोडूनच का टाकू नये, असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु तेच जाळे शिकलेले राखूनही ठेवते. भीतीच्या आठवणींशी संबंधित अमिग्डला या भागातील जाळी आधीच विरघळवलेल्या प्रौढ उंदरांत, पुढे शिकवलेली भीती लहान पिलांप्रमाणे पुसून टाकता आली, असे २००९ मध्ये दिसले. आणि पुसणे हवे तेथेच थांबेल याची हमी कोण देणार? स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या मरणोत्तर मेंदूत अमिग्डलासारख्या काही भागांत ही जाळी कमी आढळली आहेत, आणि अल्झायमरमध्ये मेंदूच्या सफाई करणाऱ्या पेशीच ती खाऊन टाकतात असे पुरावे मिळाले आहेत. म्हणून विकराचा प्रयोग उंदरांपुरताच आशादायक मानणे शहाणपणाचे.

मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात सल्ल्यासाठी येणाऱ्या मामांना हे सांगावे लागणार नाही, की कोवळी काडी हवी तशी तारेवर वळवता येते आणि जून झाल्यावर तीच वळवताना मोडते. मेंदूचे गणित मात्र तितके कठोर नाही. दिल्लीतील प्रोजेक्ट प्रकाशमध्ये पवन सिन्हा यांच्या पथकाने, जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फार उशिरा झालेली मुलेही पाहायला शिकतात हे दाखवले आहे, आणि आळशी डोळ्याचा उपचार सात वर्षांनंतरही काही मुलांना लाभतो. तरी लवकर केलेला उपचार अधिक फळतो, आणि नातीसाठी आज जे सोपे आहे ते दोन हंगामांनी तितके सोपे राहणार नाही.

पट्टी रोज किती तास ठेवायची हे डॉक्टरांनी ठरवावे, चष्मा दिला असल्यास तो पट्टीबरोबर वापरावा, आणि त्या वेळात चित्र रंगवणे, मणी ओवणे अशी बारीक नजरेची कामे तिला द्यावीत. मामींना सा. न.; चि. नातीस अनेक आशीर्वाद.



आपला,
भाचा