उंदराचं हसू, माणसाचा स्वभाव

उंदराच्या पिल्लाला मानेशी बोटांनी हलकेच कुरवाळलं, चटकन उताणं केलं आणि पोटाला गुदगुल्या केल्या, की ते चिवचिवतं. आपल्याला त्यातलं काही ऐकू येत नाही. माणसाचा कान सेकंदाला फार तर २०,००० कंपनांपर्यंत पोचतो आणि ही चिवचिव असते ५०,०००च्या आसपास. याक पांकसेप या एस्टोनियात जन्मलेल्या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९९०च्या दशकाच्या अखेरीस, वटवाघळांचे आवाज टिपणारं यंत्र लावून ती ऐकली. हात मागे घेतला की पिल्लं हाताच्या मागे धावत. याला हसणं म्हणावं का, यावर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण त्याहून मोलाची गोष्ट वेगळीच आहे: सगळी पिल्लं सारखी चिवचिवत नव्हती. काही हातासाठी आसुसलेली, तर काही अंग चोरणारी. निवडून वीण घडवली तेव्हा चार पिढ्यांत हसऱ्या उंदरांचं घराणं वेगळं आणि घुम्यांचं वेगळं झालं. ज्याला आपण माणसाचा स्वभाव म्हणतो, त्याचा कच्चा माल भाषा, संस्कार, कुळाचार यांच्या कितीतरी आधीपासून तयार होता, हे मानायला एवढा पुरावा मला पुष्कळ वाटतो.

पांकसेपने सस्तन प्राण्यांच्या मेंदूत सात मूळ भावना मानल्या: शोधाची ओढ, राग, भीती, कामेच्छा, माया, ताटातुटीची तगमग आणि खेळ. त्यांची केंद्रं मेंदूच्या वरच्या, विचार करणाऱ्या थरात नाहीत. ती खाली, खोल आणि फार जुनी आहेत. तो वरचा थर जन्मतःच काढून टाकलेली उंदराची पिल्लंही एकमेकांशी दंगामस्ती करतात. खेळ त्यांना कोणी शिकवलेला नसतो, भीतीही नसते. प्रयोगशाळेत वाढलेल्या, मांजर कधीच न पाहिलेल्या पिल्लांच्या पिंजऱ्यात मांजराच्या केसांचा पुंजका टाकला, तर खेळ तत्काळ थांबतो. पुंजका उचलला तरी काही दिवस पहिल्यासारखा रंगत नाही. (भरताच्या नाट्यशास्त्रातल्या आठ स्थायीभावांत रती, शोक, क्रोध, भय, उत्साह ही मंडळी भेटतात, हे मराठी वाचकाच्या लक्षात येईलच. म्हणून आपल्या पूर्वजांना मेंदूविज्ञान ठाऊक होतं असा डंका पिटायचं कारण नाही. नटाला आणि शास्त्रज्ञाला एकच प्राणी निरखायचा होता, इतकंच.) या भावना सर्वांना सारख्याच मिळालेल्या असतात. कोणाची कोणती भावना लवकर चाळवते आणि चाळवल्यावर किती वेळ धुमसत राहते, इथे माणसं वेगळी होतात. एकाच घरातला एक भाऊ शीघ्रकोपी आणि दुसरा भित्रा निघतो तो असा.

२००३मध्ये पांकसेप आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावर प्रश्नावली बेतली आणि मानसशास्त्रातल्या प्रचलित पाच स्वभावगुणांशी ती ताडून पाहिली. बहिर्मुखतेचं नातं खेळाशी, नव्याच्या आवडीचं शोधाच्या ओढीशी, मनमिळाऊपणाचं मायेशी आणि रागाच्या अभावाशी दिसलं. चिंताग्रस्त स्वभावात भीती, राग आणि दुःख एकत्र नांदत होते. यावर रास्त आक्षेप असा की प्रश्नावली माणसं शब्दांत भरतात. दोन्हीकडे मिळतेजुळते शब्द असले तर उत्तरंही जुळणारच. मला हा आक्षेप मान्य आहे, आणि म्हणूनच प्रश्नावलीपेक्षा पिंजऱ्यातल्या पुराव्यावर माझा भर आहे. शिवाय पाचवा गुण, शिस्त आणि कर्तव्यदक्षता, या भावनांशी नीटसा जुळला नाही. प्राण्यांच्या स्वभावाचा १९९९ सालचा एक आढावा सांगतो की तपासलेल्या बारा मानवेतर जातींपैकी हा गुण स्वतंत्रपणे दिसला तो फक्त चिंपांझीत. म्हणजे वक्तशीर माणसाला आपल्या वक्तशीरपणाचं श्रेय उंदरांशी वाटून घ्यावं लागणार नाही.

जोसेफ लेडू यांचा आक्षेप अधिक खोल जातो. त्यांचं आयुष्य उंदरांच्या भीतीचा अभ्यास करण्यात गेलं, आणि तेच सांगतात की उंदीर थिजतो, त्याचं हृदय धडधडतं, हे आपल्याला दिसतं. त्याला भीती ‘वाटते’ की नाही, हे दिसत नाही. जाणिवेपुरतं त्यांचं म्हणणं खोडून काढणं कठीण आहे. मात्र स्वभावाचा प्रश्न जाणिवेवर अडत नाही. आपल्याला काय वाटतंय हे कळण्याआधीच आपण दचकतो, आवाज चढवतो, रडणाऱ्या पोराकडे वळतो. आणि लोक आपला स्वभाव ठरवतात तो या वागण्यावरून.

राहिली ती सगळ्यांच्या मनातली शंका: मुळं इतकी जुनी असतील, तर स्वभावाला औषध नाही हेच खरं ना? इथे मात्र उंदीरच उलट साक्ष देतात. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि सहकाऱ्यांनी पाहिलं, की काही उंदरीण आया पहिल्या आठवड्यात पिल्लांना पुष्कळ चाटतात, काही कमी. भरपूर चाटलेली पिल्लं मोठेपणी संकटात कमी घाबरतात. हा केवळ रक्ताचा गुण असावा, म्हणून पिल्लांची अदलाबदल करून पाहिली. कमी चाटणाऱ्या आईच्या पोटची, पण मायाळू उंदरिणीकडे वाढलेली पिल्लं धीट निघाली. आणि त्यांतल्या माद्या पुढे आई झाल्या तेव्हा त्यांनी आपल्या पिल्लांना चाटलं ते जन्मदात्रीसारखं नव्हे, वाढवणारीसारखं.