कोठार कुणाचं?

पुसेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली

चि. मेघना,


तुझं पत्र मिळालं. युद्ध माणसाच्या रक्तातच आहे, असं तू वर्गात सांगितलंस. मला ते पटलं नाही, म्हणून लगेच लिहायला बसलो.

घोड नदीकाठचं इनामगाव आठव. 1968 पासून डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी तिथं कित्येक वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीचे ते शेतकरी सातू पिकवायचे, गेलेलं लेकरू रांजणात ठेवून घरातच जमिनीखाली पुरायचे. त्या वस्तीत पाच खोल्यांचं मोठं घर निघालं, शेजारी धान्याचं कोठार, आणि वस्तीला तट नि खंदक. तट आहे म्हणजे लढाई झालीच असं नव्हे. पण कोठार भरलं की राखण आली, राखण आली की हुकूम देणाराही आला. पुढच्या काळात जमवलेल्या गुरांपायीही तेच झालं: लढाईत पडलेल्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या आपल्याकडच्या कितीतरी वीरगळांवर गाई कोरलेल्या असतात. त्या वळवून न्यायला कुणीतरी आलं होतं आणि गावचा गडी त्यांच्यापायी पडला.

तू म्हणशील, शेती नव्हती तेव्हाही माणसं मारली गेलीच. खरं आहे. सुदानमधल्या जेबेल सहाबाच्या दफनभूमीत तेरा हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे 61 जण सापडले. 2021 साली त्यांची फेरतपासणी प्रसिद्ध झाली. कितीतरी हाडांवर भरून आलेल्या जखमाही होत्या. म्हणजे एकच लढाई नव्हे, पुन्हा पुन्हा हल्ले. त्या काळी नाईलकाठी हवामान बिघडलेलं होतं, याकडे संशोधकांनी बोट दाखवलं.

तरी नुसत्या टंचाईनं युद्ध होत नाही. ढवळीकरांच्या मते इनामगावातही पाऊस घटला. तिथल्या लोकांनी चौकोनी घरांऐवजी गोल झोपड्या बांधल्या, गुराढोरांवर भर दिला आणि इ.स.पू. 700 च्या सुमारास वस्ती उठली. 1972 च्या दुष्काळात आपल्याकडे काय झालं, ते आजीनं तुला सांगितलंच आहे. लोकांनी मिलो ज्वारी खाल्ली, सुकडीवर दिवस काढले, बायाबापड्यांनी उन्हात खडी फोडली. शेजारच्या गावावर कुणी चालून गेलं नाही. हाताला काम मिळत होतं, आणि पुढे 1977 साली रोजगार हमीचा कायदाही झाला.

तेव्हा रक्ताची गोष्ट मुलांना पुन्हा सांगू नकोस. ते कोठार कुणाच्या ताब्यात होतं आणि तट कुणी बांधून घेतला असेल, हे त्यांना विचार, आणि काय म्हणतात ते मला कळव.

तुझा,
काका