पाचशे चौदा एकरांचा देश

मुलीनं मोनाकोचं नाव काढलं तेव्हा ह्यांनी पहिली चौकशी केली ती क्षेत्रफळाची. २०८ हेक्टर, असं तिनं फोनमध्ये बघून सांगितलं. ह्यांची नोकरी साखर कारखान्याच्या काट्यावर झाली आणि उरलेला वेळ नीरा डाव्या कालव्याच्या पाळीची वाट बघण्यात गेला, त्यामुळे हेक्टर त्यांना एकरात आणल्याशिवाय दिसत नाही. मनातल्या मनात गुणाकार करून ते म्हणाले, "५१४ एकर. अगं, आपल्याकडं एवढ्यात एका गावाचं शिवार बसायचं नाही. आणि हा म्हणे देश!"

मुलगी आणि जावई नीसला राहतात. दोघंही सोफिया अँटिपोलिस नावाच्या तिथल्या आयटी वसाहतीत कामाला आहेत. आम्ही बारामतीहून गेलो तो एप्रिल होता. तिच्या मते मोनाको रविवारी, तिच्या गाडीतून बघायचं. पण तिथल्या पार्किंगचे आणि जेवणाचे आकडे तिच्याच तोंडून ऐकल्यावर ह्यांनी ठरवून टाकलं : आपण दोघं मधल्या वारी जायचं, बसनं जायचं आणि ३० युरोच्या वर एक छदाम घालवायचा नाही. युरोला शंभर रुपये धरले की झाले तीन हजार. "भिगवणला पक्षी बघायला येणारी पुण्याची मंडळी ह्याच्यापेक्षा जास्त उडवतात," ते म्हणाले.

हे खोटं नव्हे. माझं माहेर त्याच उजनी धरणाच्या पाण्याकाठी, इंदापूर तालुक्यात, पळसदेवच्या बाजूला. तिथली काही पोरं आता मासेमारीच्या जोडीला पाहुण्यांना होडीतून रोहित पक्षी दाखवून आणतात. डबा घेऊन येणाऱ्या पाहुण्यांबद्दल ती पोरं काय बोलतात ते मी ऐकलेलं आहे. दोन तास होडीत बसतात, दोनशे फोटो काढतात आणि चिलापीचं कालवण पुढं केलं की "आमचं आम्ही आणलंय" म्हणतात. त्या सकाळी दशम्या आणि लसणाची चटणी फडक्यात बांधताना मला ते सगळं आठवत होतं. तरी बांधली. वर चार केळी ठेवली.

नीसच्या बंदराजवळून निघणारी बस समुद्राला धरूनच जाते. तिकीट माणशी अडीच युरो. एका अंगाला उभा डोंगर, दुसऱ्या अंगाला पाणी आणि मध्ये रस्ता कसाबसा घुसवलेला. व्हिलफ्रांश, बोलिए, एझ अशी गावं येतात. प्रत्येक वळणावर बसमधली माणसं एकाच बाजूला झुकतात. वीसेक किलोमीटरला पाऊण तास लागला आणि तो सगळा वेळ हे डोंगरउतारावरच्या टप्प्याटप्प्यांच्या बांधांकडे बघत होते. इतका दगड रचून त्यात लावलंय काय, तर ऑलिव्ह आणि लिंबं. देशाची हद्द कधी ओलांडली ते कळलंच नाही. ना नाका, ना शिपाई. फक्त इमारती एकदम उंच झाल्या आणि कचरा नाहीसा झाला.

आम्ही प्लास द आर्मला उतरलो. समोरच कोंदामिनची मंडई. १८८० पासून ती तिथं भरते. मोनाकोत स्वस्त काही असेल तर ते इथं, असं मुलीनं बजावलं होतं. एका गाळ्यावर परातीएवढ्या तांब्याच्या तव्यातून काहीतरी पिवळं खरवडून कागदावर देत होते. त्याला सोका म्हणतात. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्हचं तेल, मीठ, वरून मिरपूड आणि भट्टीची आच. मी एक घास घेतला आणि ह्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "धिरडं आहे गं, हिरवी मिरची राहिली." शेजारी बार्बाज्युआन होते, पालेभाजी आणि चीज भरून तळलेले. तेही दोन घेतले. ह्या श्रीमंत देशाचा मानाचा पदार्थ म्हणजे पालेभाजीचं सारण, ह्याचं मला फार बरं वाटलं. आठ युरो गेले. ह्यांनी डायरीत टिपले.

तिथून खडकावर चढणारी रुंद, दगडी वाट आहे. वर जुनं गाव आणि राजवाडा. पाच मिनिटं कमी बारा वाजता राजवाड्यापुढे पहारा बदलतात, रोज आणि फुकट. शिपायांची कवायत बघायला शे-दोनशे माणसं जमली होती. मला त्या कवायतीपेक्षा बाजूला उभा असलेला झगेवाल्या साधूचा पुतळा आवडला. झग्याच्या आत तलवार. १२९७ च्या जानेवारीत फ्रान्सिस्को ग्रिमाल्दी संन्याशाचा वेश करून किल्ल्यात शिरला, दार उघडून दिलं आणि किल्ला घेतला. त्या घराण्याचं राज्य मध्ये खंड पडत का होईना, आजही चालू आहे. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे ज्या इंदापुरात पडले, तिथल्या गढीपुढे आम्ही लहानपणी खेळलोय, त्यामुळे गनिमी काव्यानं घेतलेला किल्ला म्हटलं की उगाच आपुलकी वाटते.

राजवाड्यापुढच्या कठड्यावरून दोन्हीकडे दिसतं. एका बाजूला हर्क्यूल बंदर. तिथं मोटारींच्या शर्यतीसाठी लोखंडी बाकांचे मजले चढवत होते. १९२९ पासून ही शर्यत ह्याच गावरस्त्यांवरून होते, आणि ज्या वळणांवर शर्यतीत गाड्या किंचाळतात तिथून एप्रिलमध्ये शाळेच्या बस जात होत्या. दुसऱ्या बाजूला खाली फोंव्हिए दिसतं. इमारती, स्टेडियम, बाग, होड्या. शेजारच्या गाइडनं आपल्या घोळक्याला इंग्रजीत सांगितलं की हा सगळा भाग १९७० च्या दशकात समुद्रात भराव घालून केलेला आहे.

मी हिशेब घातला. त्याच दशकात आमच्याकडे भीमेवर उजनीची भिंत उठत होती. १९८० ला धरण पुरं झालं, पण पाणी त्याआधीच शिवारात आलं होतं. मी शाळेत होते. माणसं आपली घरं आपल्याच हातांनी उतरवत होती. तुळया, चौकटी, पत्रे बैलगाडीत. माझ्या आजीनं ओसरीत पुरलेलं उखळ खणून काढायला लावलं. बापयांना वाटलं म्हातारीला खूळ लागलं, पण ती हटली नाही. नव्या गावठाणात ते उखळ बरीच वर्षं नुसतंच पडून होतं, कारण तोवर गिरणी आली होती. आमची नदीकाठची काळी माती पाण्याखाली गेली आणि वरची मुरमाड राहिली. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं, मग जुन्या गावची माणसं चिखल तुडवत दर्शनाला जातात. उजनीत ११७ टीएमसी पाणी मावतं, आणि त्या पाण्याच्या पसाऱ्यात मोनाकोसारखे शंभरावर देश सहज बुडतील.

"इथं पाणी हटवून जमीन केली," मी म्हणाले. ह्यांना माझा रोख कळला. त्यांची जमीन इंग्रजांच्या वेळच्या कालव्यावरची, बागायती. आमची बुडितात गेलेली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ह्या विषयावर ते जपूनच बोलतात. म्हणाले, "भराव चांगला घातलाय."

जवळच्या कॅथेड्रलमध्ये ग्रेस केलीची कबर आहे. हॉलिवूडची नटी, इथली राणी झाली आणि १९८२ मध्ये मोटार अपघातात गेली. साधीच फरशी, त्यावर लॅटिनमध्ये नाव आणि एक फूल. आत जायला पैसे नाहीत. समुद्रशास्त्राच्या संग्रहालयाला मात्र आहेत आणि तेवढ्यात आमचं बजेट आडवं झालं असतं. १९१० साली उघडलेली ती इमारत कड्याच्या पोटातूनच उगवली आहे आणि जॅक कुस्तो तीस वर्षं तिचे संचालक होते, एवढं पाटीवर वाचून आम्ही शेजारच्या सेंट मार्टिन बागेत शिरलो. पाइनची सावली, खाली समुद्र, बाकं रिकामी. दशम्या तिथंच सोडल्या. चटणीचा वास सुटल्यावर पलीकडच्या बाकावरच्या बाईंनी वळून बघितलं आणि हसल्या. मी एक दशमी पुढे केली. त्यांनी अर्धी घेतली, चटणीला हात लावला नाही, हे त्यांचं शहाणपण.

जेवताना हे फोनवर मुलीनं पाठवलेली मोनाकोची माहिती वाचत होते आणि एका जागी थांबले. हा देश आधी इतका लहान नव्हता. मांतो आणि रोकब्रून ही दोन गावं १८४८ मध्ये फुटून निघाली आणि १८६१ मध्ये राजानं त्यांच्यावरचा हक्क ४० लाख फ्रँक घेऊन फ्रान्सला सोडून दिला. राज्याची नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन गेली. लिंबाचं, ऑलिव्हचं उत्पन्न गेलं. राहिला तो खडक. "म्हणजे ह्यांनापण मोबदला मिळाला," हे म्हणाले. "आणि त्यावर ह्यांनी क्लब काढला."

आमच्याकडे क्लब म्हणजे पत्त्यांचा क्लब, त्यामुळे शब्द अचूक होता. १८६३ मध्ये कॅसिनोचा कारभार फ्रान्स्वा ब्लाँ ह्या मुरलेल्या माणसाकडे दिला, १८६८ ला रेल्वे आली आणि पुढच्याच वर्षी राजानं प्रजेचा प्राप्तिकर माफ केला. जमीन गेल्यावर आठ वर्षांत. हे सगळं मला थोडं लागलं, लपवत नाही. आमची जमीन गेल्यावर आम्हाला मिळाली ती पुनर्वसनाच्या कागदांची थप्पी. पण न्यायानं बोलायचं तर उजनीच्या काठाला पुढे उपसा योजना झाल्या, ऊस उभा राहिला, भिगवणची मासळी गाजली. ज्यांचं काठावर राहिलं त्यांचं भलं झालं. ज्यांचं तळाला गेलं त्यांचा हिशेब वेगळा.

बंदर ओलांडायला एक बॅटरीवरची होडी आहे, बसच्याच भाड्यात, माणशी दोन युरो. दोन्ही बाजूंना कोट्यवधींच्या बोटी आणि त्यांच्या मधून ही आपली गरीब होडी जाते. चार मिनिटांची फेरी, पण त्या दिवसात मला सगळ्यात जास्त आवडलेली. पलीकडे उतरलं की कॅसिनो डोंगरावर आणि माझे गुडघे खाली. तिथं मोनाकोनं मला जिंकलं. ह्या देशात रस्त्यांसारख्याच सार्वजनिक लिफ्ट आहेत. कडा खोदून बसवलेल्या, स्वच्छ आणि मोफत. बटण दाबायचं, वरच्या रस्त्यावर निघायचं. म्हाताऱ्या बायका भाजीच्या पिशव्या घेऊन ये-जा करतात. मी एका लिफ्टमधून उगाचच परत खाली गेले आणि वर आले.

कॅसिनोच्या दारापुढे गाड्यांचं प्रदर्शन असतं आणि गाड्यांपेक्षा त्यांचे फोटो काढणारी माणसं जास्त. पॅरिसचं ऑपेरागृह बांधणाऱ्या शार्ल गार्निएनंच इथलं नाट्यगृह १८७९ मध्ये बांधलं. पुढच्या संगमरवरी दालनापर्यंत कुणीही जाऊ शकतं. गेलो, मान वर करून छत बघितलं, बाहेर आलो. मोनाकोच्या नागरिकांना इथं खेळायला कायद्यानं बंदी आहे. हे ऐकून हे मोठ्यानं हसले, तर दरवानही हसला. समोरच्या कॅफेची दरपत्रिका मी वाचली आणि बाटलीतलं पाणी प्यायले.

शेवटी उतरत उतरत मारेतेरात गेलो. डिसेंबर २०२४ मध्ये उघडलेला हा अगदी नवा भाग. समुद्रात दहा-दहा हजार टनांची काँक्रीटची १८ खोकी ओळीनं बसवली, आतलं पाणी काढलं, भराव घातला आणि सहा हेक्टर, म्हणजे पंधरा एकर जमीन तयार केली. खर्च दोनशे कोटी युरोंच्या घरात. काठानं फिरायची वाट सगळ्यांना खुली आहे. ह्यांनी बुटाच्या टाचेनं जमीन ठोकून बघितली. कुठं खचतेय का ते बघत होते म्हणे. मोनाकोतल्या घरांचा सरासरी भाव चौरस मीटरला पन्नास हजार युरोच्या वर. त्यांनी तो गुंठ्यात आणला आणि आकडा दोनदा तपासला. "गुंठ्याला पन्नास कोटी. आणि स्टँप ड्युटी वेगळी असंल."

मला मात्र दुसरीच गोष्ट थांबवून गेली. जिथं भराव पडायचा होता तिथं समुद्राच्या तळाला पोसिडोनिया नावाचं गवत होतं. ते संरक्षित आहे. म्हणून काम सुरू होण्याआधी ते मुळांसकट, मातीच्या गड्ड्यासकट उचललं आणि दुसरीकडे नेऊन लावलं. आजही ते रुजलंय का, ह्यावर नजर ठेवतात. "गवताचंसुद्धा पुनर्वसन केलंय," मी म्हणाले. "मुळासकट." ह्यांनी ऐकलं आणि डायरी बंद केली.

परतीला ह्यांना बसच हवी होती, पण माझ्या गुडघ्यांनी आगगाडी जिंकली. मोनाकोचं स्टेशनही डोंगराच्या पोटात आहे, १९९९ पासून. रूळ जमिनीखाली नेले आणि वरची जागा मोकळी करून घेतली, एवढी इथं जागेला किंमत. तिकिटाचे दोघांचे मिळून दहाएक युरो झाले. एकूण बेरीज ३० च्या आत राहिली. राहिलेल्या सुट्ट्या पैशांची कॉफी प्यावी असं मी सुचवलं, तर ती फलाटावर नको, नीसला उतरून पिऊ असं ठरलं आणि तिथं पोचेपर्यंत दोघंही विसरलो.

रात्री मुलीनं विचारलं, काय आवडलं? मी म्हणाले लिफ्ट. तिला वाटलं मी चेष्टा करते आहे. हे डायरी घेऊन बसले होते आणि बसचं वेळापत्रक मागत होते. त्याच रस्त्यानं पुढं गेलं की मांतो लागतं, मोनाकोच्या हातून गेलेली जमीन. तिथं अजून लिंबाच्या बागा आहेत, आणि किलोला काय भाव मिळतो ते ह्यांना बागवाल्यालाच विचारायचं होतं. "अहो, त्याला मराठी येतं का?" मी म्हटलं. "भाव विचारायला भाषा लागत नाही," हे म्हणाले, आणि दशम्या चार जास्त कर म्हणून सांगून झोपायला गेले.